नोंदणी कशाची?

आत्यासाठी जागा शोधायला लागलो तेव्हा न्यू जर्सीतल्या माझ्या भावाचा एकच धोशा होता. "तिथला लायसन नंबर पाठव, बाकीचं मी बघतो." मी फोटो पाठवले. हिरवळीचे, जेवणाच्या ताटाचे, गणपतीच्या आरतीचे. त्याचं पुन्हा तेच, "नंबर?" शेवटी मी वैतागून म्हटलं, "अरे, इथे तसा नंबरच नसतो." बोलून गेले आणि माझं मलाच खटकलं. नसतो म्हणजे काय? वडापावच्या गाडीलाही कसला ना कसला कागद लागतो. मग म्हाताऱ्या माणसांना चोवीस तास सांभाळणाऱ्या घराला काहीच लागत नाही?

लागतं. पण सगळ्यांना एकच कागद लागत नाही, आणि कुणाला कुठला लागतो हे आपल्याला कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. ज्यांच्या घरी आई-वडील, सासू-सासरे किंवा माझ्या आत्यासारखी एकटी राहिलेली माणसं पंचाहत्तरी ओलांडून पुढे गेली आहेत, त्यांनी हे डिपॉझिटचा चेक लिहिण्याआधी वाचावं.

भावाचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं. अमेरिकेत 'असिस्टेड लिव्हिंग'साठी देशभर एक कायदा नाही. प्रत्येक राज्य आपापले नियम करतं आणि परवाना देतं. नावंसुद्धा वेगळी. पण परवाना असतो आणि त्या खात्याची माणसं तपासणीला येतात. आपल्याकडे ही सोयच नवी आहे. पूर्वी वृद्धाश्रम होता, आणि तो निराधारांसाठी असतो अशी समजूत होती. आता महिन्याला चांगली घसघशीत रक्कम घेऊन आंघोळ, कपडे, गोळ्या, जेवण, फिरवून आणणं हे सगळं करणारी घरं पुण्या-मुंबईच्या आसपास, नाशिकला, नागपूरला उभी राहिली आहेत. त्यांना कुणी 'केअर सेंटर' म्हणतं, कुणी 'सीनिअर होम', कुणी नुसतं 'आनंद'-बिनंद काहीतरी. पाटी वेगळी, पण काम तेच.

कायदा मात्र जुन्या चित्रावर थांबला आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा केंद्रीय कायदा आहे, महाराष्ट्राने त्याखाली २०१० मध्ये नियम केले. त्यातलं १९ वं कलम वृद्धाश्रमांबद्दल बोलतं, पण ते सरकारने काढायच्या वृद्धाश्रमांबद्दल: प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, निदान १५० गरीब वृद्धांची सोय होईल एवढा. पैसे मोजून राहणाऱ्यांच्या खासगी घरांवर देखरेख कुणी ठेवायची, यावर हा केंद्रीय कायदा गप्प आहे. ती उणीव भरायला डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं. अशा घरांची नोंदणी, घरी माणसं पाठवणाऱ्या संस्थांचीही नोंदणी, किमान दर्जा, सगळं त्यात होतं. ते संसदीय समितीकडे गेलं, समितीचा अहवालही आला, आणि ती लोकसभा संपली तरी कायदा झाला नाही.

तेव्हा 'तुमची नोंदणी आहे का?' असं विचारू नका. उत्तर 'हो' असंच येणार, आणि ते खोटंही नसणार. आम्ही सहा ठिकाणं पाहिली. सहाही ठिकाणी ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम होत्या. एकीकडे गुमास्ता, म्हणजे दुकाने आणि आस्थापना कायद्याखालची नोंद, जी कपड्याच्या दुकानालाही असते. दोन ठिकाणी धर्मादाय आयुक्तांकडची न्यासाची नोंदणी. तिने संस्था अस्तित्वात आहे आणि तिने हिशेब दाखवायचे आहेत एवढंच कळतं. आत बेडसोर होतात की नाही ते कळत नाही. एका ठिकाणी आयकराचं ८०-जी. ते देणगीदारासाठी असतं, राहणाऱ्यासाठी नव्हे. आणि एका जागी, अगदी चकचकीत सोनेरी चौकटीत, एका क्लबने दिलेलं सन्मानपत्र. मालक सगळ्यांकडे एकदमच हात करून म्हणाले, "सगळं रीतसर आहे बघा."

प्रश्न असा विचारा: नोंदणी कशाची? आणि त्याआधी स्वतःला विचारा. आपल्या माणसाला नक्की काय लागणार आहे? नुसतं छप्पर, जेवण आणि सोबत? की शुश्रूषा? की स्मृती गेलेल्या माणसाची राखण? या तिन्हींना एकच कायदा लागत नाही, आणि घोटाळा होतो तो इथेच. पहिल्यासाठी थाटलेल्या घरात तिसऱ्या प्रकारचा माणूस ठेवून घेतला जातो.

शुश्रूषेचं आधी. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा आहे. त्यातली व्याख्या मी दोनदा वाचली, कारण ती वाटते त्यापेक्षा रुंद आहे. आजारी, जखमी किंवा दुर्बल झालेल्या माणसांना जिथे ठेवून घेतात आणि उपचार व शुश्रूषा देतात, ती जागा शुश्रूषागृह. ऑपरेशन थिएटर, लाल दिवा असं काही त्यात नाही. म्हणजे ज्या बंगल्यात नाकात नळी घातलेले, कॅथेटर लावलेले, इन्सुलिन घेणारे, कुशीवर वळवावे लागणारे बारा वृद्ध ठेवले आहेत, त्याने या नोंदणीतून आपण सुटतो कसे हे सांगायला हवं. ठरलेलं उत्तर असतं: "आम्ही ट्रीटमेंट देत नाही हो, फक्त सांभाळतो." मग लगेच पुढचा प्रश्न टाका. नळीतून जेवण कोण देतं? कॅथेटर कोण बदलतं? इन्सुलिन कोण टोचतं? 'आमच्या सिस्टर' असं म्हणाले तर ते शुश्रूषाच करत आहेत.

आणि 'सिस्टर' या शब्दावर विसंबू नका. पांढरा कोट घातला की आपण कुणालाही सिस्टर म्हणतो. प्रशिक्षित परिचारिकेची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते, तिला क्रमांक असतो. ब्यूरोतून आलेल्या मावशी वेगळ्या. या बायका फार राबतात, कित्येकींचा हात सिस्टरपेक्षा हलका असतो, पण इंजेक्शन देणं हे त्यांचं काम नाही आणि ते त्यांच्यावर लादणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे. रात्री किती माणसांमागे किती मावशी आणि प्रशिक्षित असं कोण, हे विचाराच. दिवसाचा आकडा सगळे सांगतात.

शुश्रूषागृहाची ही नोंदणी शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते, शहराबाहेर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे. तीन वर्षांसाठी मिळते, ३१ मार्चला संपते, आणि प्रमाणपत्र दिसेल अशा जागी लावायचं असतं. २०२१ मध्ये नियम सुधारले तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रकही लावायचं आहे. खात्री करायची असेल तर महापालिकेत माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: अमुक पत्त्यावर नोंदणी आहे का, मुदत कधीपर्यंत, शेवटची तपासणी कधी झाली. दहा रुपयांचा स्टॅम्प आणि जास्तीत जास्त तीस दिवस. जागा शोधण्यात एवढे दिवस जातातच.

आता स्मृतीचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आत्याची गोष्ट तीच होती आणि अंधार सर्वांत जास्त इथेच आहे.

आत्या शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही. दोन वर्षांपूर्वी ती दुधाचे पैसे एका आठवड्यात तीनदा द्यायला लागली, मग एकदा पहाटे चार वाजता शाळेत जायला निघाली. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. "तुला ठेवायला चांगली जागा बघतोय," असं मी तिला म्हटलं तर म्हणाली, "ठेवायला? मी काय लोणचं आहे?" तेव्हापासून मी तो शब्द जपून वापरते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. याचं नाव ऐकून लोक म्हणतात, तो वेड्यांसाठी आहे, आमच्या आईला काय त्याचं. पण त्यातली मानसिक आजाराची व्याख्या पाहा: विचार, मनःस्थिती, आकलन, स्थळकाळाचं भान किंवा स्मृती यांत मोठा बिघाड होऊन निर्णयशक्ती, वागणं, रोजचे व्यवहार ढासळणं. पुढे सरकलेला डिमेन्शिया या वर्णनाबाहेर कसा राहील? आणि अशा माणसांना काळजी, उपचार वा पुनर्वसनासाठी जिथे ठेवून घेतात, ती जागा मानसिक आरोग्य आस्थापना ठरते. तिला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. माणूस स्वतःच्या घरी नातेवाइकांबरोबर राहत असेल तर अर्थातच नाही. पाटीवर 'मेमरी केअर' किंवा 'डिमेन्शिया केअर' लिहिलेलं असेल, तर हा कागद मागायला अजिबात संकोचू नका.

हा कागद असला की नुसती फ्रेम वाढत नाही, माणसाला हक्क मिळतात. त्या कायद्याप्रमाणे माणसाला स्वतःचे कपडे घालता आले पाहिजेत. सक्तीने डोकं भादरायचं नाही. मी पाहिलेल्या एका ठिकाणी सगळ्या बायकांचे केस कानाच्या वर कापलेले होते. "उवा होतात, आणि मावशींना विंचरायला वेळ नसतो," असं कारण मिळालं. सगळ्यांचे गाऊन एकाच रंगाचे, धुऊन आल्यावर ज्याला जो मिळेल तो. आणि दुपारी दोनला एक आजोबा ओढणीने खुर्चीला बांधलेले. "पडतात ना सारखे."

बांधण्याबद्दल कायदा अगदी स्पष्ट आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला तत्काळ इजा होणार असेल आणि दुसरा मार्गच नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ, कारण नोंदवहीत लिहून, आणि माणसाने नेमलेल्या प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवून. शिक्षा म्हणून कधीच नाही. माणसं कमी आहेत, हे कारण तर नावानिशी नाकारलं आहे. ज्यांनी कुणी हे वाक्य कायद्यात घातलं त्यांनी एखादी दुपार अशा घरात नक्की काढली असणार. तेव्हा मालकांना सरळ विचारा, "बांधता का? बांधलं तर कुठे लिहिता? ती वही दाखवाल?" त्यांचा चेहरा बघा. आम्ही जिथे शेवटी गेलो तिथल्या बाईंनी कपाट उघडून वही काढली आणि म्हणाल्या, "मागच्या वर्षात दोनदा. वाचा."

बाकीचे कागद भराभर. आगीचा कागद म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा, २००६ खालचं 'बी' प्रपत्र. परवानाधारक एजन्सीने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. 'फायर ऑडिट झालंय' एवढ्यावर समाधान मानू नका, शेवटच्या सहामाहीचं प्रपत्र बघा, आणि वरच्या मजल्यावर न चालणारी माणसं आहेत का तेही बघा. स्वयंपाकघराला अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. सुया-नळ्या असतील तर जैववैद्यकीय कचरा कोण नेतं ते. जीएसटी लावला असेल तर थांबून विचारा: आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंद असलेल्या संस्थेने साठीपुढच्या माणसाकडून राहणं, जेवण, देखभाल मिळून महिना २५,००० रुपयांपर्यंत घेतले तर त्यावर तो माफ आहे.

काही जणांचा मार्ग वेगळा असतो. ते ज्येष्ठांच्या संकुलात फ्लॅटच विकत घेतात. हातपाय धड असताना हा विचार चांगला आहे, आणि इथे नियमांची बाजू त्यातल्या त्यात भक्कम आहे. महारेराने मे २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांचे किमान निकष बांधून दिले. दारं ९०० मिलिमीटरपेक्षा अरुंद नकोत, म्हणजे चाकाची खुर्ची जाते. एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट हवीच. जिना दीड मीटर रुंद, दोन्ही बाजूंना कठडे, एका दमात बारापेक्षा जास्त पायऱ्या नाहीत. न्हाणीघरात धरायला दांडे आणि न घसरणाऱ्या फरशा, ओट्याजवळ गॅसगळतीची सूचना देणारं यंत्र. साइटवर जाताना टेप घेऊन जा. नमुना फ्लॅटमधल्या बाथरूमचं दार मोजणाऱ्या माणसाकडे सेल्समन विचित्र नजरेने बघतो, बघू द्या. रीतसर नोंदवलेला विक्री करार होईपर्यंत किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

पण रेराचा धाक इमारतीपुरता. माहितीपत्रकावरची चोवीस तास नर्स, डॉक्टरांची फेरी, तीन वेळचं जेवण, अँब्युलन्स, हे बहुधा दुसऱ्याच कंपनीच्या सेवा-करारात असतं, आणि तो करार वर्षा-दोन वर्षांनी बदलू शकतो. केंद्राच्या २०१९ च्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांत घर घेणारा, बिल्डर आणि सेवा देणारा अशा तिघांचा एकत्र करार सुचवला आहे. तसा तिहेरी करार मागा. आणि तुमच्यामागे तो फ्लॅट मुलांना मिळाला, तर ती पन्नाशीच्या आतली असताना तिथे राहू शकतील की फक्त विकू शकतील, ते आजच विचारून ठेवा.

करारनाम्याकडे येते. आम्हाला एका ठिकाणी चौदा पानं इंग्रजीत दिली आणि "नेहमीचंच आहे" म्हणून सहीच्या जागी पेन्सिलने फुल्या मारून दिल्या. घरी आणून वाचलं. 'प्रकृती खालावल्यास संस्था ४८ तासांत नातेवाइकांना ताबा घेण्यास सांगू शकेल.' ताबा! आणि प्रकृती खालावणं म्हणजे काय, ते कुठेच नाही. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी प्रकृती दुसरं काय करणार? डिपॉझिट 'कोणत्याही कारणास्तव' परत नाही. दरवाढ 'वेळोवेळी'. हे तीन मुद्दे सही करण्याआधी पेनाने दुरुस्त करून घ्या: कुठल्या अवस्थेत आणि किती दिवसांच्या नोटिशीने बाहेर काढाल, माणूस महिन्यात गेला किंवा आम्ही परत नेला तर किती पैसे किती दिवसांत परत, वर्षाला दर जास्तीत जास्त किती वाढेल. रात्री हॉस्पिटलला न्यावं लागलं तर बरोबर कोण जाईल, हेही लिहून घ्या. २०१९ च्या ग्राहक कायद्यात अवाजवी अनामत मागणारा करार 'अनुचित' ठरू शकतो. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं. सेवेत कसूर झाली तर जिल्हा आयोग, आणि तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. कर्जतच्या संस्थेसाठी कर्जतला खेटे घालायची गरज नाही.

पैशांऐवजी घरच देऊन टाका, आम्ही शेवटपर्यंत बघू, असा प्रस्ताव आला तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका. बक्षीसपत्रात 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द हवेतच. २००७ च्या कायद्यातलं २३ वं कलम अशी अट मोडली तर हस्तांतर रद्द करायला वाट देतं, प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडून. अट लिहिलेलीच नसेल तर ती सिद्ध करता करता माणूस संपतो.

तक्रारीसाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे. तो तुमच्या फोनमध्ये नव्हे, आईच्या पाकिटात, मोठ्या अक्षरात असू द्या. तिच्या हातात फोन राहणार आहे ना, हेही विचारा. भेटीच्या वेळा असतील तर त्या सोडून एकदा जा. संध्याकाळी सात ही वेळ चांगली: मावशींची पाळी बदलत असते, जेवणं उरकत असतात, आणि घर जसं आहे तसं दिसतं.

आणि ज्यांची तुम्ही सोय करताय त्यांना बरोबर न्या. आम्ही पाच ठिकाणी आत्याला न नेता गेलो, ही चूक. सहाव्या ठिकाणी ती आली. बागेकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ऑफिसात बसल्याबसल्या तिने बाईंना विचारलं, "माझ्या खोलीचं दार मला आतून लावता येईल का?" बाई म्हणाल्या, "लावता येईल. आमच्याकडे बाहेरून उघडणारी किल्ली असते, ती कोण कधी वापरतं ते आम्ही लिहितो." आत्याने माझ्याकडे बघून मान हलवली, वर्गात एखाद्याचं उत्तर बरोबर आलं की हलवायची तशी.

ती आता तिथे आहे. कधी मला ओळखते, कधी माझ्या आईच्या नावाने हाक मारते. साड्या तिच्याच नेसते, केस अजून खांद्याखाली आहेत. पहिल्याच दिवशी मी भिंतीवरच्या दोन्ही प्रमाणपत्रांचे फोटो काढून भावाला पाठवले. एकाची मुदत येत्या ३१ मार्चला संपते. कॅलेंडरच्या फेब्रुवारीच्या पानावर मी तशी नोंद केली आहे, गॅसच्या नंबरच्या खाली: 'आत्या – नूतनीकरण झालं का विचारणे.'